चिमूटभर लुबान

शुक्रवार, ईस्टरआधीच्या उपवासकाळातला चौथा. आखातातलं अल दुहैल, सरांचं घर, वरची बैठकीची खोली.

हजर: सर, म्हणजे आमच्या प्रार्थनागटाचे प्रमुख. सरांची बायको. अंधेरीचं एक जोडपं, दोघंही हॉस्पिटलात नोकरीला. माझा नवरा, मेसईदच्या कारखान्यातून कंपनीच्या बसने थेट आलेला, अर्धा झोपेत. मी. आणि ती, आमच्या वसईचीच, एका म्हातारीच्या घरी केअरगिव्हर. सगळ्यांत शेवटी आली आणि दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली.

गैरहजर: कोणी नाही. फादरांना बोलावलंच नव्हतं.

हजेरी मी मांडते, कारण गटात ते काम माझं. प्रार्थना कोणाच्या घरी, खायला कोण काय आणणार, कोणाच्या गाडीत कोण बसणार, सगळं माझ्याकडे. हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये अर्धं आयुष्य गेलं की माणसाला याद्या केल्याशिवाय झोप येत नाही. त्या शुक्रवारचं मात्र मुद्दाम बेताने लिहिते आहे. राग अजून उतरलेला नाही, आणि रागात माणूस क्रम चुकतो.

उपवासकाळासाठी सरांनी अभ्यासमाला काढली होती. विषय: आरंभीचे ख्रिस्ती, त्यांचा छळ, अखेरचा न्याय आणि शेवटचे दिवस. विषय त्यांना का सुचला ते सांगते. आखातात कुठे खुट्ट झालं, एखादं विमान उशिरा सुटलं, की आमच्या ग्रुपवर शेवटचे दिवस सुरू होतात. चंद्र लाल दिसला, टाका. धुळीचं वादळ आलं, टाका. सर त्यात सगळ्यांत पुढे. मग त्यांनीच ठरवलं की नुसतं फॉरवर्ड करण्यापेक्षा नीट शिकू.

पहिल्या बैठकीत ते म्हणाले, "छळ म्हणजे काय, हे आपल्याइतकं कोणाला कळणार?"

मी विचारलं, "आपला कसला छळ, सर?"

"देवळाकडे जाताना बघा ना. गाडी लावायला जागा नाही. गेटवर ओळखपत्र, मग बॅग तपासणी, उन्हात रांग. हे सोसून आपण मिस्सेला जातो."

अंधेरीवाल्याने मान डोलावली. माझ्या नवऱ्याने डोळे मिटले, त्याचा अर्थ मला माहीत होता: बोलू नकोस. बोलले नाही. पण घरी येऊन वाचायला बसले. आरंभीच्या त्या माणसांचा छळ सलग नव्हता. वर्षानुवर्षं काहीच व्हायचं नाही; शेजारी शेजाऱ्याला मीठ मागायचा. मग एखाद्या गावात रोगराई आली, पाऊस लांबला, की बोट यांच्याकडे. कोणाला तुरुंग, कोणाला खाणीत दगड फोडायला पाठवलेलं. आणि मागे राहिलेले लोक काय करायचे? स्वतः उपाशी राहून वाचलेली भाकरी तुरुंगात पोचवायचे. उपवास त्यासाठी होता. आमच्या गटात उपवासकाळासाठी कोणी काय सोडलं, त्याची यादी माझ्याकडे आहे. अंधेरीच्या बाईने चॉकलेट सोडलं होतं. सरांनी करक चहा सोडला होता, आणि प्रत्येक बैठकीत ते एकदा तरी म्हणायचे की डोकं दुखतंय.

आता तिच्याबद्दल. तिची मुलगी वसईला आजीकडे असते. मे महिन्यात तिचा पहिला ख्रिस्तप्रसाद. आमच्याकडे तो दिवस लग्नाच्या खालोखाल. पांढरा फ्रॉक, डोक्यावर फुलांचं कडं, हातात मेणबत्ती, सगळा गाव देवळात. तिने वर्षभर आधी रजा मागितली होती. मंजूर झाली होती. सूक वाकिफच्या बाजारातून तिने पांढरं साटीन आणि जाळी घेतली आणि माझ्याकडे आणून टाकली, कारण मशीन माझ्याकडे. फ्रॉक मी शिवला. खालची दुमड तेवढी बाकी ठेवली, कच्चा धावदोरा घालून. मुलगी केवढी वाढली, कोणाला ठाऊक. ती म्हणाली, "आंटी, तिला उभी करून, गुडघ्यावर बसून मी घालीन दुमड. तेवढं मला ठेवा."

मग रजा रद्द झाली. म्हातारीच्या घरचे हिच्याशिवाय दुसरी बाई घेणार नाहीत, असं कंपनीने कळवलं. पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी मुलीचा पहिला ख्रिस्तप्रसाद पुन्हा होत नाही, हे कंपनीला सांगणार कोण? आणि कंपनी म्हणजे कोण? तिथले ऑपरेशन्स मॅनेजर आमचे सर. तिला नोकरी त्यांनीच लावलेली. हे गटात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाही त्यात अवघड वाटत नव्हतं. उलट सरांचे केवढे उपकार, असंच सगळे म्हणायचे. रजेचं ऐकल्यावर सरांनी तिला मिस्सेनंतर बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सहन कर, बाय. अखेरचा न्याय होणारच आहे. तिथे आईचं एकेक आसू मोजलं जाईल."

म्हणजे न्याय तिकडे, आणि सही इकडे.

तर चौथा शुक्रवार. सर खुशीत होते. म्हणाले, "आज थिअरी नाही. आज प्रॅक्टिकल."

काचेच्या टेबलावर त्यांनी मबखरा मांडला, इथे घरोघरी असतो तसा, ऊद जाळायचा. त्यात निखारा फुललेला. शेजारी वाटीत सूक वाकिफहून आणलेला लुबान, उत्तम, हिरवट पांढरे खडे कुटून बारीक केलेले. समोर सम्राटाचा पुतळा म्हणून बायकोची फुलदाणी.

"मी रोमी सुभेदार," सर म्हणाले. "तुम्ही पकडून आणलेले ख्रिस्ती. मी म्हणणार, सम्राटापुढे चिमूटभर धूप टाक आणि घरी जा. तुम्ही म्हणायचं, नाही. बस्स. त्या लोकांनी चिमूटभर धुपासाठी जीव दिला, ते आपल्याला फील झालं पाहिजे."

माझ्या नवऱ्याने एक डोळा उघडला. "नाही म्हटलं की सिंह?"

"सिंह."

"मग सिंह मी होतो. बसून करता येईल."

सगळे हसले. तीही हसली.

अंधेरीवाला पहिला. छाती काढून असा ओरडला, "नाही! मी ख्रिस्ती आहे!" की सरांच्या बायकोने खिडकी लावून घेतली. "हळू हो, खाली वॉचमन आहे." त्याच्या बायकोने डोळे मिटून, हात जोडून नाही म्हटलं. मी गेले, नाही म्हटलं, येऊन बसले. मला ही नाटकं जमत नाहीत.

मग ती.

"ये बाय," सर म्हणाले. "बोल, तू ख्रिस्ती आहेस?"

"आहे, सर."

"सर नाही. सुभेदार."

"आहे, सुभेदार."

"सम्राटापुढे एवढी चिमूट टाक. टाक आणि खुशाल घरी जा."

ती वाटीकडे बघत राहिली. सरांना रंग चढला होता. हुतात्म्यांच्या कथांमध्ये सुभेदार पोराबाळांची आठवण काढून मन वळवायला बघतो, ते त्यांनी वाचलेलं होतं. म्हणाले, "अगं, पोटच्या पोरीचा तरी विचार कर. वाट बघत असेल ती. घरी जा म्हणतोय मी."

तिने विचारलं, "खरंच जाऊ?"

"जा की. पण धूप टाकून."

तिने वाटीतून लुबान घेतला. चिमूट नव्हे, चांगला मुठीत मावेल एवढा. निखाऱ्यावर टाकला. पांढरा धूर भसकन वर आला, फुलदाणी दिसेनाशी झाली. हात झटकत ती म्हणाली, "टाकला, सर. आता द्या रजा."

मग अंधेरीवाला खो खो हसत म्हणाला, "अरे, ही तर आउट! पडली की!"

आणि सरांनी काय करावं? शिकवायला घेतलं. खरंच. त्या माणसाला समोर काय घडलं ते दिसलं नाही, किंवा दिसलं आणि त्याने ते धड्यात गुंडाळलं. "छान उदाहरण मिळालं," म्हणाले. "असे पडलेलेही पुष्कळ होते. भीतीने धूप टाकून मोकळे झालेले. छळ संपल्यावर मंडळीपुढे प्रश्न आला, यांना परत घ्यायचं का? वर्षानुवर्षं प्रायश्चित्त करावं लागलं त्यांना. म्हणून म्हणतो, संकटात पाय घट्ट हवा."

ती खुर्चीवर जाऊन बसली. मान खाली. आणि माझं डोकं फिरलं.

"सर," मी म्हटलं, "प्रायश्चित्त तिने का करायचं? तिला सिंहापुढे उभं कोणी केलं?"

"हे प्रॅक्टिकल आहे. तुम्ही पर्सनल घेताय."

"पर्सनलच आहे. सुभेदार तुम्ही नाटकात झालात, पण रजा खरोखर तुमच्या हातात आहे."

"ऑफिसचं इथे बोलायचं नाही, हा गटाचा नियम आहे."

"नियमांची यादी माझ्याकडे आहे, सर. त्यात हा नाही."

नवरा पूर्ण जागा झाला होता. सरांची बायको सरबताचे पेले भरायला लागली, आधीच भरलेले असताना.

सर आवाज खाली आणून, अगदी फादरांसारखे म्हणाले, "हे बघा. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात वेदीखाली हुतात्म्यांचे आत्मे आहेत. आपण गेल्या वेळी केलं. ते देवाला विचारतात, आमचा न्याय कधी करणार? आणि त्यांना काय सांगितलं जातं? थोडा काळ थांबा. देव त्यांनाही थांबायला सांगतो. आपण कोण?"

"ते विचारत नाहीत, सर, ते ओरडतात. मोठ्याने ओरडतात, असं लिहिलंय. वेदीखालून, देवाच्या तोंडावर. त्यांना कोणी गप्प केलेलं नाही. आणि थांबायला सांगितलंय ते मेलेल्यांना. ही जिवंत आहे."

सर घड्याळाकडे बघायला लागले.

सुटका त्यांच्या बायकोने केली, म्हणजे तिला तसं वाटलं. ती चांगली बाई आहे, तेच तर अवघड. ती म्हणाली, "अगं, एवढं काय? मी जातेच आहे ईस्टरसाठी वसईला, झावळ्यांच्या रविवारच्या आधी, मे संपेपर्यंत तिथेच आहे. फ्रॉक माझ्याबरोबर दे. मी स्वतः तुझ्या सासूच्या हातात देते. फोटो पाठवते, व्हिडिओ कॉल करते. तू इथून सगळं बघ."

सगळ्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. अंधेरीची बाई म्हणाली, "किती छान!" सर म्हणाले, "बघा, देव मार्ग काढतो."

फ्रॉकला रजा मिळाली होती, आईला नाही. आणि खोलीभर माणसं देवाचे आभार मानत होती.

ती हळूच म्हणाली, "दुमड राहिलीय."

"ती काय, तिथे कोणीही घालेल."

"मी घालणार होते," ती म्हणाली.

समारोपाची प्रार्थना कोणी सांगितली मला आठवत नाही. मी सांगितली नाही.

परतताना ती आमच्या गाडीत होती. म्हातारीचं घर वाटेवर; शुक्रवारची दुपार तेवढी तिची. मी पुढच्या सीटवर बसून अजून बोलतच होते. लेबर ऑफिसला जाऊ, तक्रार करू, कागद कुठले लागतात ते मी काढते, आणि गटाचं काम मी आजपासून सोडलं. नवरा म्हणाला, "सिग्नल तरी बघू दे मला."

मागून ती म्हणाली, "आंटी, झालं का तुमचं?"

मी वळून बघितलं. तीही रागावलेली होती, पण माझ्यावर.

"तुम्ही भांडलात, बरं वाटलं. पण तुम्ही आता घरी जाऊन जेवणार. उद्या सरांचा फोन मला येणार. मला लांबच्या घरी टाकलं, तर तिथे तुमची गाडी येणार आहे का?"

"मग काय करायचं म्हणतेस?"

"मी करते. तुम्ही सोबत या. पण बोलायचं नाही. एक शब्द नाही."

मला गप्प बसायला सांगून कोणाचं काही भलं झाल्याचं आठवत नाही, पण रजा तिची होती. हो म्हटलं.

म्हातारीच्या घराच्या फाटकाशी ती उतरताना मी सहज विचारलं, "म्हातारीच्या घरचे एवढे अडून का बसलेत? तू विचारलंस त्यांना?"

"विचारायचं नसतं. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, रजेचं घरच्यांशी बोलायचं नाही, कंपनीमार्फतच. आम्हा सगळ्यांना तेच सांगतात."

"म्हणजे ते नको म्हणाले हे तुला कोणी सांगितलं?"

"सरांनी."

ती फाटकाशी उभी राहिली. त्याच संध्याकाळी म्हातारीला भरवून झाल्यावर तिने म्हातारीच्या लेकीला विचारलं. नंतर मला व्हॉइस मेसेज पाठवला, स्वयंपाकघरातून, दबक्या आवाजात. "आंटी, मॅडमला काहीच माहीत नाही. त्यांना कोणी विचारलंच नाही. मॅडम म्हणाल्या, मुलीचा एवढा मोठा दिवस, जा. तेवढे दिवस कंपनीने दुसरी बाई द्यावी, खलास. आणि मुलीसाठी खजूर देणार म्हणाल्या."

मी तो मेसेज दोनदा ऐकला. दुसरी बाई पाठवायची, तिला चार दिवस शिकवायचं, वेळापत्रक हलवायचं. एवढीच खटपट होती. ती वाचवण्यासाठी एका आईला हुतात्म्यांच्या रांगेत उभं केलं होतं. रोमी सुभेदार निदान स्वतःला सुभेदार म्हणवून घ्यायचा. तो धूप मागायचा, पण वर प्रार्थना शिकवायचा नाही.

रविवारी सकाळी हॉस्पिटलात उशिराची परवानगी काढून मी तिच्याबरोबर तिच्या कंपनीत गेले; मॅडमनी तिला सकाळपुरतं सोडलं होतं. सरांच्या केबिनमध्ये ती बोलली, उभी राहून, पाठ केल्यासारखी. मॅडमनी हो म्हटलंय. मॅडमचा नंबर हा. मूळ मंजुरी ही. मी बाजूच्या खुर्चीवर मांडीवर पर्स धरून बसले होते. शब्द बोलले नाही. दात दुखायला लागले, पण बोलले नाही.

सरांचा चेहरा जराही बदलला नाही. "असं का? मॅडम हो म्हणाल्या? गुड, गुड. गैरसमज झाला असणार. सिस्टीममध्ये टाकतो, इन्शाल्ला." मग माझ्याकडे बघून, "या शुक्रवारचा विषय अखेरचा न्याय आहे. येताय ना?"

मी मान हलवली. कुठल्या दिशेने, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

त्या शुक्रवारी मी गेले नाही. अखेरच्या न्यायाबद्दल मला जे कळतं ते शुभवर्तमानात साध्या शब्दांत आहे. न्यायासनावर बसलेला विचारणार ते हे: भुकेल्याला दिलंस का, आजाऱ्याकडे गेलास का, तुरुंगातल्याला भेटलास का. चंद्राचा रंग तो विचारत नाही, किती चहा सोडलास हेही विचारत नाही. आरंभीची ती माणसं खरोखर मानत होती की तो येणार, बहुतेक याच पिढीत, कदाचित या पहाटे. ते चुकले, तो आला नाही. पण त्या चुकीमुळे त्यांना घाई होती. भाकरी आज पोचवायची, भांडण आज मिटवायचं. शेवट जवळ आलाय असं खरंच मानणारा माणूस कोणाची रजा 'बघू' म्हणून लोंबकळत ठेवत नाही. आमचे सर रोज शेवटचे दिवस फॉरवर्ड करतात आणि वागतात असे, की त्यांच्या केबिनला अनंतकाळ लाभलाय.

सरांची बायको ठरल्याप्रमाणे गेली. जायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला, "फ्रॉक कधी आणून देतेस? बॅगेत वर जागा ठेवलीय, चुरगळणार नाही." मी म्हटलं, "फ्रॉक आईबरोबर जाईल." तशी ती म्हणाली, "ह्यांना मी सांगितलंय, हं. मी पण सांगितलंय." मला ते खरं वाटलं. मी तिला सुखरूप जा म्हटलं.

ईस्टर झाला. रजा अजून सिस्टीममध्ये टाकली जाते आहे. विचारलं की सर म्हणतात, उद्या. काल ती माझ्याकडे येऊन गेली, उभ्या उभ्याच. म्हणाली, "आंटी, आता चला लेबर ऑफिसला."

"मी बोलू?"

"आता बोला."

उद्या सकाळी निघायचं ठरलं आहे. कागद लावून ठेवले. ड्रायव्हर सांगितला. मी हॉस्पिटलात कळवलं, तिने मॅडमना. जेवणाचा डबा दोघींचा, कारण तिथे किती बसावं लागेल सांगता येत नाही. फ्रॉक कपाटात हँगरवर आहे, वर पातळ चादर घालून ठेवला आहे. सुई, पांढरं रीळ आणि टेप मी एका पाकिटात घालून त्याच हँगरला अडकवलं आहे, तिच्या बॅगेत जायला सोपं.

दुमड राहिली आहे.